दुसऱ्या हिवाळ्यातला काशिराम

काशिरामच्या दहाव्याला कावळा शिवेना. सकाळी आठला पानावर ठेवलेला पिंड दहा वाजत आले तरी जसाच्या तसा होता. उरणच्या ज्या किनाऱ्यावर एरवी वाळत घातलेल्या मासळीपाशी कावळे हाकलायला माणूस बसवावा लागतो, तिथे त्या दिवशी औषधालाही कावळा नव्हता. ओहोटी लागली होती. जानेवारीतलं धुकं चिखलावर ठाण मांडून बसलं होतं आणि पलीकडच्या बंदरावरच्या क्रेनसुद्धा त्यात बुडून गेल्या होत्या. भटजींनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं, कारण साडेदहाला त्यांना आणखी एक दहावा होता.

रीतीप्रमाणे मंडळींनी शब्द द्यायला सुरुवात केली. मोठा मुलगा जगन हात जोडून म्हणाला, "बाबा, घराचा मागचा पत्रा पावसाच्या आत बदलतो." कावळा नाही. "बाबा, तुमचा मोबाइल कुनाला देनार नाय." तरी नाही. धाकटा कुंदन खारघरला अकराव्या मजल्यावर राहायचा आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांना त्याचा फ्लॅट हे एकच उत्तर होतं. तो पुढे झाला. "बाबा, आईला मी इथे एकटी ठेवत नाही. महिनाअखेरीला खारघरला घेऊन जातो. होडीपण विकून टाकतो. तुम्ही काळजी करू नका."

तेवढ्यात धुक्यातून काहीतरी आलं. पंखांचा आवाज झाला नाही, सावली पडली नाही. बदकाएवढा एक मळकट, करड्या ठिपक्यांचा पक्षी पानाजवळ उतरला. त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने सगळ्यांकडे ओळीने पाहिलं, जणू कोण आलंय आणि कोण नाही त्याची हजेरी घेतली. मग त्याने पिंड उचलला आणि अख्खाच्या अख्खा गिळला. गिळून झाल्यावर तो खोकला.

काशिराम बिडी ओढायचा. त्याचा खोकला साऱ्या कोळीवाड्याला पाठ होता.

पक्षी उडाला, धुक्यात गेला, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम कमळाकर आठल्ये यांच्याकडे वळल्या, कारण दहाव्यालाही गळ्यात दुर्बीण घालून येणारे तेवढेच एक होते. आठल्ये पनवेलच्या भूमी अभिलेख कार्यालयात पस्तीस वर्षं मोजणीदार होते. भावाभावांच्या बांधाबद्दल त्यांनी एकदा खुंटी ठोकली की ती हलायची नाही, असा त्यांचा लौकिक. निवृत्त झाल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला आणि पक्ष्यांमध्येही कुरवांचा, म्हणजे सीगलचा. गेले सहा हिवाळे ते काशिरामच्या होडीत बसून कुरव बघत आले होते.

"काका, काय होता ओ?" जगनने विचारलं.

दुसरा कुणी असता तर 'पक्षी होता' म्हणून मोकळा झाला असता. आठल्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. "मोठा कुरव," ते म्हणाले. "दुसऱ्या हिवाळ्यातला. म्हणजे पुरता वाढलेला नाही. कुरवाला चार वर्षं लागतात."

"पन जात कंची?"

"तेच तर ना! पाठ एका जातीची दिसली, पाय दुसऱ्या जातीचे. डोकं बघावं तर तिसरंच काहीतरी. संकर असावा. शंभर टक्के अमुकच, असं काही मला सांगता येत नाही."

आत्तापर्यंत गप्प बसलेली काशिरामची बायको जनी पुढे सरकली. "म्हंजे भाऊ, तो पुरा पाखरू नाय?"

"पुरा एका जातीचा नाही. अर्धा हा, अर्धा तो."

"आन डोला?"

आठल्ये प्रामाणिक माणूस. त्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं. "उजवा काळा आहे. डावा पांढुरका. असं सहसा नसतं."

काशिरामच्या डाव्या डोळ्यात शेवटचे नऊ-दहा महिने मोतीबिंदू होता. मागे बसलेल्या बायकांपैकी एकीने हुंदका दिला आणि तो बघता बघता सगळ्यांत पसरला. "शास्त्रात कावळा आहे, कुरव नाही," असं म्हणून भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि ते लगबगीने निघाले. त्या दर्भाच्या कावळ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

खांदा कॉलनीतल्या घरी परतल्यावर शशिकलाबाईंनी दारातूनच विचारलं, "शिवला का कावळा?"

"कुरव शिवला."

"बरं. आधी आंघोळ करा."

टेबलावर निमंत्रणपत्रिका पडली होती. खाडीकाठ पक्षिमित्र मंडळातर्फे आठल्यांचा जाहीर सत्कार होता. गेल्या जानेवारीत त्यांनी मंगोलियन कुरवाचं पिलू आपल्या खाडीत पहिल्यांदा पाहिलं, त्याचा फोटो काढला, तो स्थानिक पेपरात छापून आला आणि मंडळाच्या यादीत एक नवं नाव चढलं. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजताना त्यांना शिव्याच मिळाल्या होत्या. बांध इकडे सरकला तर हा देणार, तिकडे सरकला तर तो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शाल घालणार होतं. त्यांनी पत्रिका चौथ्यांदा वाचली. त्यांना मनापासून आनंद झाला होता आणि तो ते लपवत नव्हते.

त्या नोंदीची एक बाजू मात्र पत्रिकेत नव्हती. ते पिलू काशिरामच्या होडीवर येऊन बसलं होतं, कारण त्याच्या चोचीत गळ रुतला होता. काशिरामने त्याला पोत्याखाली धरलं, पक्कडीने गळ ओढून काढला आणि सोडून दिलं. ते तिथेच, होडीच्या कडेवर, बसून राहिलं. आठल्यांनी फोटो काढले आणि पुस्तक उघडून 'मंगोलियन!' म्हणून ओरडले. तेव्हा काशिराम म्हणाला होता, "सायेब, हा लांबचा नाय ओ. याचा बाप येगला, आई येगली, पन दोगंपन इथंच येतात. पुढल्या वर्साला पाठ काली पडंल, मंग बगा."

"काशिराम, तू मासे बघ. पक्षी मी बघतो," आठल्ये म्हणाले होते. काशिराम हसला होता. पेपरला पाठवलेल्या फोटोतून आठल्यांनी त्याला कापून टाकलं होतं. पक्षी मोठा दिसावा म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

आठवड्याने जगन खांदा कॉलनीत हजर झाला. चहा समोर ठेवला तरी त्याने कप उचलला नाही.

"काका, तो रोज येतो."

"कोण?"

"तोच. नऊला येतो, आकराला जातो. बाबांच्या होडीवर मागं बसतो. बाबा बसायचे तिथंच. आई त्याच्यासमोर बसते न बोलत राहते."

"बोलू दे की. दुःख हलकं होतं."

"बोलू दे काय! इचारते त्याला. परवा इचारला, मी खारघरला जाऊ का? तो खोकला. होडी इकायची का? परत खोकला. आता आई हलत नाय. थंडीत बसून ऱ्हाते, बांगडा टाकला तर तो त्वांड फिरवतो म्हनून त्याला पापलेट चारते. आमाला नाय पापलेट! नि आता वाडीतले लोकपन यायला लागलेत. कुनाचा जाला हरवला, कुनाच्या पोराची सोयरीक. काल आमची बायको कुमुद त्याला इचारून आली, माहेराला जाऊ का. चार दिवसांसाठी गेलीपन."

"अरे, पक्षी कधी खोकतो का? त्याची हाकच तशी असते."

"मग तुमी तसा तिथं बोलायचा ना!" जगनचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "रागवू नका, काका. पन तुमीच बोललात, अर्धा पाखरू. आई तेच धरून बसली. अर्धा पाखरू, मग बाकीचा अर्धा कोन? आता तुमीच सांगा तो पुरा पाखरू हाय. कंच्या जातीचा, काय, सगला लिवून द्या. मोजनीची नक्कल देता तशी. सईशिक्क्याची."

आठल्ये शिक्का तर केव्हाच सरकारजमा करून आले होते. पण माणूस पेचात होता आणि पेच त्यांनीच घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेलिस्कोप, तिवई, दोन पुस्तकं आणि शशिकलाबाईंनी दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन किनाऱ्यावर पोचले.

धुकं त्या दिवशीही होतं. पाणी दूर गेलेलं, आणि चिखलात तिरक्या झालेल्या होड्या एकेक करून धुक्यातून बाहेर येत होत्या, जशा काही त्याच चालत येत होत्या. जनी आज घरात होती, तिला ताप भरला होता. कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं. आठल्यांनी तिवई रोवली, काशिरामच्या होडीवर टेलिस्कोप लावला आणि भिंग फिरवून चित्र स्पष्ट केलं, तर भिंगात एक पांढुरका डोळा त्यांच्याकडेच बघत होता.

ते दचकून मागे झाले. मग स्वतःवरच चिडून पुन्हा डोळा लावला आणि वहीत लिहायला सुरुवात केली. पाठ: काळपट करडी, म्हणजे ह्यूग्लिनचा कुरव. पाय: फिकट गुलाबी, म्हणजे कॅस्पियन. डोकं: लांबट, कॅस्पियन. नाही, आता मान आखडली, ह्यूग्लिन. पूर्ण वाढलेला कुरव माणसाने ओळखावा आणि घरी जावं. पिलू मात्र दर हिवाळ्याला नवे कपडे घालून येतं, आणि त्याच्या आईबापांनी दोन जातींत परस्पर सोयरीक केली असली तर मग बघायलाच नको. अर्ध्या तासात आठल्यांनी चार वेळा जात लिहिली आणि चार वेळा खोडली. पक्षी प्रत्येक खोडलेल्या ओळीनंतर खोकत होता.

मग त्याने चोच वर केली. खालच्या चोचीच्या कडेला एक खाच होती. गळ ओढून काढल्यावर राहते तशी.

आठल्यांच्या हातातली पेन्सिल चिखलात पडली. हाच तो. गेल्या वर्षीचा फिकट, गोजिरवाणा, पेपरात छापून आलेला मंगोलियन कुरव! वर्षभराने परत आला होता आणि त्याची पाठ काळी पडली होती. मंगोलियनची पाठ काही केल्या अशी काळी पडत नाही. काशिरामने सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच झालं होतं.

त्यांनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा समोर पाहिलं तेव्हा होडीही रिकामी होती. पायाशी काहीतरी खडखडलं म्हणून खाली बघतात तो कुरव त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता आणि उघड्या डब्यातून लाडू उचलत होता. त्याने एकच लाडू घेतला. काशिरामही एकच घ्यायचा, दुसरा दिला तर "नको सायेब, दात नाय" म्हणायचा. आठल्ये तिवई तिथेच टाकून दहा पावलं पळाले. मग त्यांना तिवईची किंमत आठवली आणि ते परत आले.

दुपारी घरी त्यांनी सगळे फोटो संगणकावर उघडले. चाळीस फोटो होते. चाळीसच्या चाळीस फोटोंत तो डाव्या डोळ्याने आठल्यांकडे बघत होता. पाठमोऱ्या फोटोतसुद्धा मान वळलेली. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर भंगारवाला ओरडत होता, आणि तरी आठल्यांना पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटत राहिलं. होतंच. शशिकलाबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"अगंबाई," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ओळखीचा वाटतो हा."

"ओळखीचा कसा वाटेल? पक्षी आहे तो!"

"तुमचा तो होडीवाला नव्हता का, एकदा घरी आला होता बोंबील घेऊन. आपण खात नाही म्हटल्यावर असाच बघत बसला होता. बिचारा." आणि कप ठेवून त्या निघूनही गेल्या.

आठल्यांनी जुनी फाइल उघडली. मूळ फोटो, न कापलेला. डावीकडे काशिराम, हातात पक्कड, तोंडभर हसणारा. उजवीकडे होडीच्या कडेवर ते पिलू, चोचीला ताजी खाच. हाच पुरावा. काशिराम धडधाकट जिवंत असताना हा पक्षी त्याच्या शेजारी बसलेला होता, मग तो काशिराम कसा असेल? यापुढे सहीशिक्क्याची गरजच नव्हती. फोटो दाखवला की जनी घरात जाईल, जगन सुटेल, सगळं मार्गी लागेल.

फक्त तो फोटो दाखवायचा म्हणजे चोचीची खाच दाखवायची. आणि खाच दाखवायची म्हणजे मंगोलियन कुरव कधी आलाच नव्हता, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. जगनच्या हातात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कुंदनच्या फोनवर आणि तिथून मंडळात पोचणार. सत्कार रविवारी होता. आठल्ये दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले. शालीचा रंगसुद्धा मंडळाचे सेक्रेटरी परेश यांनी फोन करून विचारला होता. त्यांना रडू यायचंच काय ते बाकी होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जगनला फोन लावला. "पुरावा आहे माझ्याकडे. शनिवारी घेऊन येतो."

"देवासारखे आलात, काका. कुंदनलापन गाडी घेऊनच बोलावतो. आईची पिशवी भरून ठेवतो."

शनिवारी आठल्ये टेलिस्कोप घेऊन पावणेनऊलाच पोचले. मुलं यायची होती. धुक्यात जनी एकटीच होडीसमोर पापलेट साफ करत बसली होती. ताप उतरला होता, पण अंगावर काशिरामचा जुना स्वेटर होता. आठल्यांनी पाकिटातून फोटो काढला आणि धीर जायच्या आत तिच्या पुढे धरला.

जनीने हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. "म्हातारा बरा आलाय," ती म्हणाली. "पेपरात नव्हता तो."

"मी कापला होता," आठल्ये म्हणाले.

"ठाऊक होता त्याला. पेपर घेऊन आला, मना दाखवला, नि हसला. बोलला, सायबांनी मना कापला ते बरा केला, नायतर चुकीच्या नावाखाली माजापन फोटो आला असता."

आठल्यांचे कान तापले. "त्याला माहीत होतं? मग पुन्हा सांगितलं का नाही मला?"

"मी बोलले ना, जाऊन सांग. तो बोलला, सायेब खुश हायत, राव दे. पुढल्या वर्साला पाखरू येईल न सोताच सांगंल."

आठल्ये होडीच्या कडेला टेकले. मग एकदम लक्षात आलं. "म्हणजे जनीबाई, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? की हा तोच पक्षी आहे म्हणून?"

"मंग! गल म्हाताऱ्याने काढला, खाच मी नाय वलखनार?" जनीने पापलेटचं शेपूट छाटलं. "भाऊ, चालीस वर्सं मी या घरात बोलतेय. पोरांना माजा आवाज ऐकू येत नाय. पाखराचा येतो. कुंदन बोलतो, आई, अकराव्या माल्यावरून दर्या दिसतो. दिसतो म्हंजे? दर्या काय टीवी हाय? तुमी हा फोटो पोरांना दाखवलात तर दुपारपर्यंत मी लिफ्टमधी." तिने फोटो परत केला. तिचे डोळे भरले होते. "मना नाय जायचा, भाऊ. मी इथं त्याच्या होडीसमोर बरी हाय."

आठल्यांनी फोटोकडे पाहिलं. आणि पाहताना, इतक्या वेळा पाहूनही जे दिसलं नव्हतं ते दिसलं. "पण जनीबाई, हे बघा. याचा डावा डोळा तर चांगला काळा आहे. इजा झाली असणार नंतर."

"तवा म्हाताऱ्याचापन चांगला होता," जनी म्हणाली. "दोन म्हैन्यांनी डाव्यावर सारा आला."

चिखलात कुठेतरी बुडबुडे फुटत होते. जनीने स्वेटर अंगाभोवती ओढला आणि आवाज खाली आणला. "तुमाला सांगते, भाऊ, मी उगाच बोलते त्याच्याशी. पोरांना दाखवायला. इचारायचा नि थोडा थांबायचा, तो खोकतोच. पन काल मी काय पन न इचारताच तो माज्याकडं बगून खोकला. नि मना कलला, तो काय बोलला ते."

"काय बोलला?"

"ते आमचा आमच्यात."

नऊ वाजले. धुकं जरा हललं आणि होडीच्या मागच्या फळीवर तो बसलेला होता. केव्हा आला ते दोघांनाही दिसलं नाही.

पाठोपाठ जगन आला, कुमुद आली, वाडीतली वीसेक माणसं आली आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत कुंदन आला. त्याने जनीची पिशवी आधीच डिकीत टाकली होती. "काका, बरं झालं तुम्ही मनावर घेतलंत," तो म्हणाला. "इतके दिवस सगळा तमाशा चाललाय. पुरावा आणलाय म्हणे?"

"आणलाय."

"दाखवा मग. एकदाच सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

पाकीट आठल्यांच्या हातात होतं. फोटो द्यावा तर जनी गेली अकराव्या मजल्यावर. देऊ नये तर मंगोलियन कुरव वाचला, उद्याची शाल वाचली, पण ती शाल जनीच्या जिवावर पांघरल्यासारखं होणार होतं. पस्तीस वर्षांत बांधावर उभं राहून त्यांनी कितीतरी निकाल दिले होते, पण असा पेच एकदाही पडला नव्हता. त्यांनी पाकीट शबनममध्ये घातलं आणि टेलिस्कोपला डोळा लावला. पलीकडून पांढुरका डोळा सावकाश मिटला आणि उघडला.

"काका, काय हाय?" जगनने कुजबुजत विचारलं.

आठल्ये सरळ उभे राहिले. "पुरावा मी नीट तपासला," ते मोठ्याने म्हणाले. "त्या दिवशी मला खात्री देता आली नव्हती. आज देतो. शंभर टक्के काशिराम."

कुंदनच्या बोटातली किल्ली थांबली. "काका! तुम्ही शिकलेले, सरकारी नोकरीतले, तुम्हीसुद्धा..."

होडीवरून खोकला आला. एकदा नव्हे, चांगला तीनदा, शेवटी घसा साफ केल्यासारखा. कुंदन नकळत दोन पावलं मागे सरला, त्याने किल्ली खिशात टाकली आणि दोन्ही हात जोडले. "बाबा, नाही नेत," तो पुटपुटला. "पिशवी काढतो." जगनने डोकं टेकवलं. कुमुदने पापलेट पुढे सरकवलं. जनी मात्र कुणाकडे न बघता चिखलाकडे बघत राहिली, आणि आठल्यांना वाटलं, आता हिलाही थोडी भीती वाटते आहे.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. गाडी गव्हाण फाट्याच्या पुढे आली तेव्हा आठल्यांनी परेशना फोन लावला, कारण घरी जाईपर्यंत थांबलो तर हा धीर राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला!" परेश म्हणाले. "आत्ताच हॉलवर आलोय. शाल मोरपंखी घेतली."

"परेश, ती नोंद रद्द करा."

"कुठली?"

"मंगोलियन कुरवाची. चुकलो मी. संकर आहे तो, ह्यूग्लिन आणि कॅस्पियन यांचा. यंदा पुन्हा आलाय, मी स्वतः पाहिलाय."

पलीकडे बराच वेळ खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत राहिला. "अहो सर, पण बोर्ड रंगवून झाला. पन्नास माणसं येणार. आता मी सत्कार कुणाचा करू?"

"ज्याने बरोबर ओळखलं त्याचा. मी पुस्तक उघडायच्या आधी त्याने सांगितलं होतं. बाप वेगळा, आई वेगळी, पुढच्या वर्षी पाठ काळी पडेल. प्रमाणपत्रावर त्याचं नाव घाला आणि ते जनीबाईंच्या हातात द्या. काशिराम नाव त्याचं." एवढं बोलल्यावर आठल्यांना फार हलकं वाटलं. शालीची हुरहूर होती, ती काही लगेच जाणार नव्हती, पण ते हलके झाले होते.

"थांबा, लिहून घेतो," परेश म्हणाले. "काशिराम म्हणजे तुमचे ते होडीवाले ना? ते गेल्या महिन्यात वारले असं तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणजे नावाआधी कैलासवासी घालायला पाहिजे."

आठल्ये खिडकीबाहेर बघू लागले. रस्त्याच्या कडेने खाडीचं पाणी गाडीच्या बरोबरीने चाललं होतं, आणि त्यावर धुकं अजूनही तसंच होतं.

"एवढ्यात नको," ते म्हणाले. "तूर्त श्री.च राहू द्या. अजून दोन हिवाळे जाऊ देत, मग नक्की काय ते सांगतो."